परक्यांना जागा फुकट

‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं कोणी विचारलं की आमच्या घरातून दोन उत्तरं येतात. आजी म्हणायची, ‘इथलेच, धुळ्याचे.’ बाबा म्हणतात, ‘आपण कुठूनतरी व्यापारासाठी आलो.’ कुठून आलो ते कोणालाच माहीत नाही. हल्ली बाहेरून आलेल्यांवर व्हॉट्सअॅपवर वाद पेटला की मला हे ‘कुठूनतरी’ टोचत राहतं. म्हणून खानदेशचं १८८० सालचं गॅझेटियर उघडलं आणि त्यात कॅप्टन जॉन ब्रिग्स भेटला.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि एल्फिन्स्टनने खानदेश या तिशीतल्या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती दिला. म्हणजे नक्की काय दिलं? होळकरांच्या फौजेने तुडवलेला, त्यापाठोपाठ १८०३च्या दुष्काळाने रिकामा केलेला आणि पेंढाऱ्यांनी उरलंसुरलं नेलेला मुलूख. गावं ओस पडली होती, शेतांत झाडोरा माजला होता, वाघ फिरत होते. धुळं तर १८०३मध्ये पुरतं उठून गेलं होतं. पुढच्या वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं.

मुलूख असा रिकामा, तरी ब्रिग्सचं पहिलं काम होतं माणसं बाहेर काढण्याचं. खानदेशातल्या किल्ल्यांवर आणि गढ्यांवर अरब शिपायांचा जम होता. मराठे सरदारांनी त्यांना पगारावर आणलं होतं. पुढे सरदार दुबळे झाले आणि शिपाईच मालक होऊन बसले. ते सावकारीही करत. इंग्रजांशी ते चिवटपणे लढले. फेब्रुवारी १८१८मध्ये थाळनेरच्या किल्ल्यात शिबंदी कापली गेली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं गेलं. मालेगाव तेव्हा खानदेशातच होतं. तिथला वेढा जवळजवळ महिनाभर चालला. अमळनेरची गढीही फौज आल्यावरच हाती आली. या अरबांना दख्खनमध्ये राहू द्यायचं नाही, त्यांच्या देशी परत पाठवायचं, असं कंपनीचं धोरण होतं.

दुसरं काम नेमकं उलटं होतं. जानेवारी १८१९मध्ये ब्रिग्सने धुळ्यात सरकारी कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली. कारागीर लांबून आणले. तेव्हा धुळ्यात होती ४०१ घरं आणि २५०९ माणसं. आजच्या एखाद्या मोठ्या कॉलेजातही याहून जास्त मुलं असतात! गाव वाढवायला ब्रिग्सने काय केलं? व्यापाऱ्यांना आणि इतरांना घरासाठी कायमची बिनभाड्याची जागा दिली. पक्कं घर बांधायला उचल दिली आणि ती जुन्या रहिवाशांइतकीच नव्याने आलेल्या परक्यांनाही दिली.

यात दयाबुद्धी शोधू नका. माणसं नसतील तर जमीन कसणार कोण, आणि जमीन पडीक राहिली तर सारा भरणार कोण? ब्रिग्सने पुढे, १८३०मध्ये, हिंदुस्थानातल्या जमीन महसुलावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. हा माणूस गावाकडे बघताना आधी सारा बघत असणार. म्हणजे धोरण एकच होतं. शस्त्र धरणारा परका नको, पैसा फिरवणारा आणि जमीन कसणारा परका हवा.

आणि जे परके नव्हतेच त्यांचं काय? सातपुड्यातले, सातमाळ्यातले भिल्ल कुठूनही आले नव्हते. पण सरकारी कागदात तेच सगळ्यात मोठा उपद्रव ठरले. ब्रिग्सने आधी त्यांची रसद तोडली, मागे फौजा लावल्या. मग नायकांना माफी आणि तनखे देऊ केले. घडी काही बसली नाही. १८२३मध्ये तो रेसिडेंट म्हणून साताऱ्याला गेला. दोन वर्षांनी जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली आणि धरणगावला तिचं ठाणं झालं. ब्रिग्स पुढे म्हैसूर आणि नागपूरला गेला. १८७५मध्ये तो वारला तेव्हा त्याचं धुळं साडेबारा हजारांच्या आसपास पोचलं होतं. २०११च्या जनगणनेत ते पावणेचार लाखांवर गेलं.

गॅझेटियर मिटलं तेव्हा माझ्या ‘कुठूनतरी’चं उत्तर मिळालं नव्हतं. आमचं घर त्या उचलीवर उभं राहिलं की नंतर, हे सांगणारा कागद आमच्याकडे नाही. पण एवढं कळलं की या शहरात ‘इथलेच’ म्हणणाऱ्या कितीतरी घरांची सुरुवात ‘परके’ या रकान्यात झाली असणार. आणि जे खरोखर इथलेच होते, त्यांच्या वाट्याला बिनभाड्याची जागा आली नाही, पलटणीतली नोकरी आली.

आता कोणी मूळ गाव विचारलं तर मी धुळंच सांगतो. फक्त आजीसारखा ‘इथलेच’मधल्या ‘च’वर जोर देत नाही.