विलंबाची कारणे काय आहेत?

विधिमंडळातल्या प्रश्नाला एक ठरलेला साचा असतो. पहिल्या भागात एखादी घटना सांगून विचारलेले असते, 'हे खरे आहे काय?' पुढचे भाग 'असल्यास' या शब्दाने सुरू होतात: चौकशी केली काय, त्यात काय आढळले, कोणती कारवाई केली. आणि शेवटचा भाग बहुतेक प्रश्नांत सारखाच: 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

वडोदऱ्याला राहायला आल्यावर मी काही वर्षे अशा प्रश्नोत्तरांची इंग्रजी भाषांतरे केली. विधिमंडळाच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेला ती हवी असत. पानामागे पैसे मिळत. पहिल्या महिन्यातच उत्तरे पाठ झाली. 'हे खरे आहे', 'हे खरे नाही', 'प्रश्न उद्भवत नाही', आणि सगळ्यांत जास्त वेळा 'हे अंशतः खरे आहे'. पुढे दोन ओळींचा खुलासा: पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे, निधी उपलब्ध होताच काम हाती घेण्यात येईल.

त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात माझे वडील हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख मिळण्याची वाट बघत होते. तारीख तीनदा मिळाली आणि तीनदा पुढे गेली. केसपेपरवर जुनी तारीख खोडून नवी लिहीत. एकदा भूलतज्ज्ञ नव्हते, एकदा काय नव्हते ते कोणी सांगितले नाही. आणि एके दिवशी भाषांतराच्या गठ्ठ्यात त्याच रुग्णालयाबद्दलचा प्रश्न आला. रिक्त पदांमुळे शस्त्रक्रिया लांबणीवर पडतात, हे खरे आहे काय? उत्तर होते, अंशतः खरे आहे. माझे वडील त्या 'अंशतः'मध्ये होते. मी तो शब्द इंग्रजीत घातला, पानाचा हिशेब लिहिला, आणि त्या रात्री पहिल्यांदा माझ्या मनात आले की सरकारला असे विचारण्याचा हक्क आपल्याला मिळाला कधी? आणि तो वापरून दवाखान्याच्या दारातला माणूस कधी आत गेला का?

हक्क तसा उशिरा आला. १८६१च्या कायद्याने स्थापलेल्या कौन्सिलांत सभासदांनी समोर आलेल्या विधेयकापुरते बोलायचे होते. १८९२च्या कायद्याने प्रश्न विचारायची परवानगी मिळाली, पण उत्तरावर चर्चा नाही आणि पूरक प्रश्नही नाही. केंद्रीय कौन्सिलात १८९३ साली पहिला प्रश्न विचारला तो भिंग्याच्या राजांनी. विषय होता दौऱ्यावरच्या साहेबांच्या छावण्यांना रसद पुरवताना गावच्या दुकानदारांचे होणारे हाल. पहिलाच प्रश्न किराणा मालाचा, याचे मला बरे वाटले. १९०९ साली मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्न विचारता येऊ लागला. १९१९च्या सुधारणांनी तो हक्क इतर सभासदांनाही दिला.

त्याच सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली. शिक्षण, आरोग्य, दवाखाने, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकांना जबाबदार असणाऱ्या मंत्र्यांकडे आली. अर्थखाते मात्र 'राखीव' राहिले, म्हणजे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. दवाखान्याबद्दल विचारायचे एकाला आणि पैशाबद्दल दुसऱ्याला. त्यात गावोगावचे अनेक दवाखाने आणि विहिरी होत्या लोकल बोर्डांच्या नाहीतर म्युनिसिपालट्यांच्या हाती. त्यांचे पैसे काही स्थानिक कराचे, काही सरकारी अनुदानाचे. म्हणजे दार एकाचे, किल्ली दुसऱ्याची आणि तिजोरी तिसऱ्याची.

या रचनेत ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. बोले मुंबईचे, भंडारी समाजातले, कामगार हितवर्धक सभेचे कार्यकर्ते. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्कारसभेचे अध्यक्ष हेच. त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी भीमरावांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. बोल्यांच्या ठरावाचा आशय असा: सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावेत.

इतिहासात हा ठराव पाण्यासाठी लक्षात राहिला, आणि पुढे महाडला जे घडले त्यामुळे ते साहजिकही आहे. मी मात्र त्या यादीच्या शेवटच्या शब्दाशी थांबतो. दवाखाना. विहिरीवर अडवलेला माणूस दुसरीकडून पाणी आणू शकतो, मग ते पाणी लांबचे असो की गढूळ. दवाखान्याबाहेर बसवलेल्या माणसाकडे मात्र वेळच कमी असतो. त्याच्या बाबतीत उशीर आणि नकार यांत फरक उरत नाही. औषध लांबून टाकायचे, नाडी बघायची नाही, नंबर सगळ्यांत शेवटी लावायचा, याला कागदावर कोणी बंदी म्हणणार नाही. विचारले तर उत्तर येईल, अंशतः खरे आहे.

कौन्सिलचा ठराव म्हणजे शिफारस, हुकूम नव्हे. सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी आदेश काढला आणि त्यात दोन वाटा केल्या. सरकारच्या मालकीच्या जागांपुरती खातेप्रमुखांनी अंमलबजावणी करावी. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांनी त्यांना सल्ला द्यावा, की त्यांनी ही शिफारस मान्य करणे इष्ट आहे किंवा कसे याचा विचार करावा. हे वाक्य मी माझ्या सवयीप्रमाणे दोनतीनदा इकडून तिकडे भाषांतरित करून पाहिले. ते कुठल्याही भाषेत तितकेच सैल राहते. सल्ला, विचार, इष्टता: तीन पायऱ्या, आणि एकीवरही कोणी उत्तरदायी नाही.

शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ सालीच आपल्या संस्थानातल्या दवाखान्यांत आणि पाणवठ्यांवर विटाळ पाळू नये असा हुकूम काढला होता. मिरजेच्या मिशन इस्पितळातल्या डॉ. वॉनलेस यांच्यासारखे डॉक्टर सर्वांना सारखे वागवतात, मग आपल्याला का जमू नये, असा त्यामागचा सूर होता. तो राजाचा हुकूम होता; न मानणाऱ्याला नोकरीची भीती होती. मुंबई इलाख्यात राजा नव्हता, कौन्सिल होते. तिथे हुकमाची जागा प्रश्नाने, ठरावाने आणि पैशाने भरून काढायची होती. लोकशाहीची ही वाट लांबची आहे, हे मान्य करूनच पुढचे बघायला हवे.

तीन वर्षे गेली. बहुतेक ठिकाणी काहीच बदलले नव्हते. ऑगस्ट १९२६मध्ये बोले पुन्हा उभे राहिले, आणि या खेपेला त्यांनी हात घातला तो तिजोरीला. ज्या म्युनिसिपालट्या आणि लोकल बोर्डे ठरावाची अंमलबजावणी करायला नाकारतील त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, असा ठराव त्यांनी मांडला. माझ्या मते बोल्यांच्या कामातली खरी महत्त्वाची गोष्ट ही दुसरी खेप आहे. पहिला ठराव न्यायाचा होता. त्याला मान डोलावणे सोपे होते. दुसऱ्यात हिशेब होता. ज्या पैशात सगळ्यांचा कर आहे त्या पैशावर चालणारे दार काहींनाच का उघडते, हा त्याचा अर्थ. बोर्डाला इष्टतेचा विचार वर्षानुवर्षे करता येतो. अनुदानाचा हप्ता थांबला तर तोच विचार लवकर संपतो.

पण या उपायात एक पेच आहे. अनुदान बंद केले तर बंद काय पडणार? बोर्डाच्या अध्यक्षाचा वाडा नव्हे. बंद पडणार दवाखाना, आणि ज्याला खाजगी डॉक्टर परवडतो त्याला त्याची झळ कमी. कंपाउंडरचा पगार थांबला की आज बाहेर बसलेल्या माणसाला उद्या बसायलाही जागा नाही. म्हणजे ज्याच्यासाठी शिक्षा तिचा मार त्याच्याच पाठीवर. पैसा दिला तर अन्याय चालू राहतो, थांबवला तर दवाखाना थांबतो. नियोजनाच्या भाषेत याला आजही सोपे उत्तर नाही. बोल्यांना हे दिसत नसेल असे मला वाटत नाही. गिरणगावातल्या लोकांत वावरलेला तो माणूस होता. तरीही त्यांनी अनुदानाला हात घातला, कारण तीन वर्षांच्या सल्ल्याचे फळ त्यांच्या डोळ्यांपुढे होते.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता, पण तोही कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यावर गेली तेव्हा तो ठराव पहिल्यांदा कागदावरून उठला. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोल्यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. तळ्याचा निकाल उच्च न्यायालयातून लागायला मार्च १९३७ उजाडले. सभागृहातला शब्द, लोकांचे पाऊल आणि कोर्टाचा निकाल अशी ही साखळी होती. यातली एकही कडी एकटी पुरली नाही.

तळ्यावर मोर्चा नेता येतो. दवाखान्यावर कसा नेणार? आजारी माणूस एकटा असतो. डिसेंबर १९२९मध्ये 'यंग इंडिया'त काठेवाडातल्या एका दलित शिक्षकाचे पत्र छापून आले. काठेवाड मुंबई कौन्सिलच्या हद्दीत नव्हते, तिथे बोल्यांचा ठराव लागू नव्हता. बाळंतपणानंतर दोन दिवसांत शिक्षकाची बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शब्द टाकायला नगरशेठला मध्ये घालावे लागले, दोन रुपये फी ठरली, ओल्या बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने तिला हात न लावता रोग सांगितला. पुन्हा बोलावले तेव्हा तो आला नाही. ती गेली.

आंबेडकरांनी हा प्रसंग आपल्या आठवणींच्या टिपणांत नोंदवून ठेवला. ती त्यांच्या पश्चात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध झाली. नावातच वाट बघणे आहे. डॉक्टरने नकार दिला असे म्हणता येईल का? तो आला, त्याने तपासले, औषध पाठवले. सभागृहात विचारले असते तर उत्तर काय आले असते ते मला माहीत आहे.

संविधानाच्या पंधराव्या कलमात, शासनाच्या पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख येतो तेव्हा मला बोल्यांच्या ठरावाची आठवण येते. दवाखान्यांचा स्पष्ट उल्लेख आला तो अस्पृश्यता (अपराध) अधिनियमात, १९५५ साली. रुग्णालयात किंवा दवाखान्यात अस्पृश्यतेच्या कारणाने प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरला. १९२३ ते १९५५. बत्तीस वर्षे. विलंबाची कारणे काय आहेत?

हा साचा आजही वापरात आहे आणि तो टिकला पाहिजे असे मला वाटते. 'माहिती गोळा करण्यात येत आहे' हे उत्तर लोकसभेत आश्वासन मानले जाते. १९५३पासून त्यासाठी वेगळी समिती आहे, आणि ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते. उत्तर टाळण्याचीही नोंद ठेवणारी व्यवस्था कोणीतरी विचारपूर्वक उभी केली. ती मोडते कधी, हेही आपण पाहिले. सप्टेंबर २०२०मध्ये, साथ ऐन भरात असताना, संसदेचे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविना झाले. लेखी प्रश्नांना लेखी उत्तरे मिळाली, पूरक प्रश्न नाही. कारण सुरक्षिततेचे होते. पण पूरक प्रश्नापुरते आपण त्या महिन्यात १८९२ सालात होतो. आणि देशातल्या प्रत्येक रुग्णालयाच्या दारात तेव्हा कोणी ना कोणी वाट बघत उभे होते.

पूरक प्रश्न महत्त्वाचा, कारण पहिले उत्तर खात्यात तयार होते आणि दुसरे मंत्र्याला उभ्या उभ्या द्यावे लागते. 'अंशतः खरे' म्हटल्यावर 'कोणता अंश?' असे विचारता येते. बोल्यांचा १९२६चा ठराव म्हणजे तीन वर्षांनी विचारलेला पूरक प्रश्नच होता.

वडिलांचे ऑपरेशन शेवटी झाले, चौथ्या तारखेला. मी सुट्टी काढून गेलो होतो. घरी आणल्यावर त्यांना ती प्रश्नोत्तरे वाचून दाखवली. मूळ मराठी मी जपून ठेवली होती. ते निवृत्त तलाठी. सरकारी मराठी त्यांना घरच्यासारखी. त्यांनी चष्मा लावून कागद स्वतः वाचला, खाली आमदारांचे नाव पाहिले आणि विचारले, "हे उत्तर कधीचे?" मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर महिने मोजले.

"पदे भरली का रे मग?"

मला माहीत नव्हते. पुढच्या अधिवेशनाच्या कागदांत मी तो प्रश्न शोधला. कोणी पुन्हा विचारला नव्हता.