ओतणाऱ्या हातांचा इतिहास

एका स्नेह्यांनी अलीकडे विचारले, की घरी प्रवाळांचे छोटेसे मत्स्यालय करावयाचे असल्यास दिवा, पंप, गाळणी असे सर्व काही एकाच पेटीत बसवलेली तयार टाकी घ्यावी काय, आणि घ्यावी तर केवढी. प्रश्न व्यवहारातला आहे. त्याचे उत्तर माहितीपत्रकात लिटर आणि वॅटच्या हिशेबात मिळते. मला मात्र ते शोधताना १८४६ सालच्या एका मोलकरणीपाशी जाऊन थांबावे लागले.

त्या वर्षी अ‍ॅना थिन या बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथे गेल्या होत्या. त्यांचे यजमान लॉर्ड जॉन थिन हे वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील धर्माधिकारी. किनाऱ्यावरच्या खडकांत बाईंना कठीण सांगाड्याचे लहान प्रवाळ सापडले आणि ते जिवंत लंडनला न्यावेत असे त्यांच्या मनाने घेतले. प्रवासात ते हिंदकळू नयेत म्हणून त्यांनी ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला शिवून टाकले. लंडनमध्ये सुरुवातीला त्या समुद्राचे पाणी आणवून वरचेवर बदलत असत. पुढे पाण्याची वाण पडू लागली, तेव्हा तेच पाणी ताजे ठेवण्याचा उपाय निघाला : उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते रोज अर्धा-पाऊण तास एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचे. हे काम अर्थातच घरातल्या मोलकरणीकडे आले. मत्स्यालयाच्या इतिहासात अ‍ॅना थिन यांचे नाव नोंदले गेले. मोलकरणीची ओळख मात्र ‘मोलकरीण’ एवढीच राहिली.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की या मत्स्यालयात मासा नव्हता. आपल्या भाषेतला ‘मत्स्यालय’ हा शब्द माशाला यजमानपद देतो. १९५१ साली मुंबईत उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने तो आपल्याकडे रुळवला. पण लंडनच्या घरातला हा पहिलावहिला समुद्र प्रवाळांचा होता.

१८४७ मध्ये अ‍ॅना थिन यांनी पाण्यात जिवंत समुद्रवनस्पती सोडून पाहिल्या आणि ओतण्याचे काम बरेचसे सुटले. उजेडात वनस्पती प्राणवायू सोडतात, प्राण्यांना तो मिळतो, प्राण्यांचे उत्सर्जित वनस्पतींना पोसते. हाच विचार रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यातील मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती यांच्या आधारे १८५० मध्ये शास्त्रीय भाषेत मांडला. १८४५ साली काचेवरील कर उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुरांची पाणी पिण्याची जागा असा होता!

या प्रसाराबरोबर ‘समतोल’ या कल्पनेला एक मोहक अर्थ चिकटला. पेटी एकदा जमवली की ती आपली आपण चालेल, असे मध्यमवर्गीय दिवाणखान्याला वाटू लागले. प्रत्यक्षात पाणी गढूळत होते, जीव मरत होते, आणि मेलेल्यांच्या जागी नवे आणले जात होते. ते कोठून येत? किनाऱ्यावरून. फिलिप गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ च्या ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात याचा हिशेब मांडला आहे. बालपणी पाहिलेली खडकांमधली समृद्ध डबकी संग्राहकांच्या झुंडींनी ओरबाडून नेली, आणि त्या झुंडींना वाट दाखवली ती वडिलांच्या पुस्तकांनी, अशी ती कबुली आहे. निसर्गावरील प्रेमापोटी झालेला हा नाश होता. म्हणूनच तो वाचताना बोचतो.

शतकभराने हा धागा जकार्तामध्ये पुन्हा हाती लागतो. १९६१ साली ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली. समुद्रातून आणलेला ‘जिवंत खडक’, म्हणजे सूक्ष्मजीवांनी भरलेला सच्छिद्र प्रवाळखडक, टाकीत ठेवायचा आणि हवेचे बुडबुडे सोडायचे, इतकीच ती. या खडकातले जीवाणू प्राण्यांच्या मलमूत्रातील विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. खडकाच्या पोटात, जेथे प्राणवायू तुटपुंजा असतो तेथे, दुसरे जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. पुढे पीटर विल्केन्स आणि बर्लिनमधील छांदिष्टांनी या खडकाला प्रखर दिवे, पाण्यात मिसळायचे कॅल्शियम आणि फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे स्किमर यांची जोड दिली. मोलकरणीचे काम आधी वनस्पतींकडे, मग जीवाणूंकडे आणि यंत्रांकडे गेले. काम संपले मात्र नाही.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी लोकप्रिय झालेली छोटी ‘ऑल-इन-वन’ पेटी ही या क्रमातली पुढची पायरी. तिच्या पाठीमागे एक काळी भिंत असते. भिंतीआड गाळणी, हीटर आणि पाणी परत फेकणारा पंप असतो. पुढून दिसतो तो केवळ समुद्र. जागा कमी लागते, सुटे भाग जुळवण्याची दगदग नसते, नवख्या माणसाला हुरूप येतो. हे गुण खरे आहेत. पण मागचे कप्पे अरुंद, त्यांत मावणारी यंत्रे ठराविक मापाची, आणि काही पेट्यांना वरून दिव्याचे बंदिस्त झाकण; त्यामुळे उष्णता आत कोंडते. नेहमीच्या कमाल तापमानाहून अंशभर अधिक उष्णता काही आठवडे टिकली, तर समुद्रातले प्रवाळही पांढरे पडू लागतात.

आकाराचा हिशेब याहून कठोर आहे. पेटीची प्रत्येक बाजू निम्मी केली की पाण्याचा पृष्ठभाग एक चतुर्थांश होतो, पाणी मात्र एक अष्टमांश उरते. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते, म्हणजे दर लिटरमागे ते दुप्पट होते. समजा, ४० लिटरच्या पेटीतून रोज एक लिटर पाणी उडते, आणि घरची मंडळी तीन दिवस गावी गेली. मीठ उडत नाही. ३५ असलेली क्षारता ३७.८ वर पोहोचते. प्रत्येक बाजू दुप्पट असलेल्या ३२० लिटरच्या टाकीत तीच ३६.४ वर थांबते. समुद्र जितका लहान, तितका रखवालदार अधिक जागा हवा. ‘लहान आहे, म्हणून सोपे आहे’ ही समजूत येथे मोडते.

म्हणून स्नेह्यांना मी सांगितले, की घरात बसेल त्यातली मोठी पेटी घ्या. मागच्या कप्प्यात हात जातो का, पंप बंद पडल्यास बाजारातला दुसरा बसतो का, झाकण काढता येते का, ते पाहा. उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या शुद्ध पाण्याने रोज कोण करणार, हे पेटी आणण्याआधी ठरवा. मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा खर्चही धरा. आणि प्रवाळ कोठून येणार, ते सर्वांत आधी विचारा. आपल्याकडे खडक रचणारे सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले आहेत. मालवणच्या समुद्रातला तुकडा दिवाणखान्यात आणणे हा गुन्हा आहे. एडमंड गॉस यांची कबुली वाचलेल्या माणसाला हा कायदा जाचक वाटू नये.

स्नेही थोडे हिरमुसले. त्यांना पेटीचे नाव हवे होते. पण अ‍ॅना थिन यांच्या खिडकीपाशी पाणी ओतत उभी असलेली ती बाई आजही प्रत्येक काळ्या भिंतीआड उभी आहे. पेटी विकत घेताना आपण तिला रजा देत नाही. तिच्या जागी स्वतः उभे राहण्याचे कबूल करतो.