डिशच्या उरलेल्या वायरीची गोष्ट



सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला, आता पहिलं ओलित होईपर्यंत थोडी उसंत आहे. या पानावर एरवी खत, फवारणी, उताऱ्याच्या नोंदी असतात. आज नोंद वायरीची आहे. थोडी लांब आहे, पण शेवटी कामाची निघेल.

झालं असं, की रोही आणि रानडुकरांनी तुरीचा पार सत्यानाश केला म्हणून मागच्या वर्षी वावराला सोलर झटका मशीन बसवली. पिकाचं भलं झालं, पण बाबांचा रेडिओ गेला. गेला म्हणजे बिघडला नाही. दर सेकंदाला टक्, टक्, टक्. रात्री जागलीला गेले, की रेडिओ कानाला लावायचा ही त्यांची पन्नास वर्षांची सवय. मला म्हणाले, "पोरा, ह्या डब्यात कोनी टिचक्या मारून राह्यलं काय?"

टिचक्या आमच्याच मशीनच्या होत्या. तारेत झटका सोडला, की तीच तार एरियल होते आणि तो आवाज मध्यम लहरींवर, शॉर्टवेव्हवर सगळीकडे पसरतो. तार कुठं गवताला टेकली, इन्सुलेटर फुटला, तिथं ठिणगी पडली तर आणखी जास्त. भर म्हणून सोलर पंपाचा कंट्रोलर आणि स्वस्तातले एलईडी बल्ब होतेच.

उपाय एकच सुचला. एरियल खोलीपासून आणि कुंपणापासून लांब, मधल्या लिंबाच्या झाडावर न्यायची आणि तिथून सिग्नल वायरीनं खोलीत आणायचा. पण वायर कोणती? हे शोधता शोधता मी शंभराहून जास्त वर्षं मागं गेलो.

जाळीची पट्टी

आमच्या आजोबांच्या काळात ही वायर लागतच नव्हती. ज्यांच्या घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, माळवदाखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी बांधलेली असायची. तिच्यातून एक साधी वायर रेडिओच्या पाठीमागं खोचली, की झालं. दुसरी वायर अर्थिंगची. वर्षाचं लायसन पोस्टात भरायचं, त्याचं पुस्तक असायचं. ते लायसन १९८० च्या दशकात बंद झालं.

तेवढ्या पट्टीवर भागत होतं, कारण गावात वीजच नव्हती. मोटर नाही, स्टार्टर नाही, चार्जर नाही. गाव विजेच्या दृष्टीनं शांत होतं. रेडिओ बिघडला असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे रेडिओभोवतीचं गाव बदललं.

त्या वेळी ऐकायला काय होतं? आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. वाशिमपासून ते सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि जसं अंतर वाढेल तशा थकतात. शॉर्टवेव्ह मात्र आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून शेकडो, हजारो किलोमीटर लांब उतरते. म्हणून कोलंबोहून येणारं रेडिओ सिलोन आपल्या खेड्यात खणखणीत लागायचं. १९५२ साली माहिती व प्रसारण मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे. त्यांनी आकाशवाणीवर सिनेसंगीताला कात्री लावली आणि देशभरचे श्रोते सिलोनकडे वळले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली.

शेतकऱ्यांसाठी मात्र मोठी गोष्ट त्याच्या एक वर्ष आधी घडली होती. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ मध्ये पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीनं शेतकऱ्यांच्या रेडिओ सभांचा प्रयोग झाला. पाच मराठी जिल्हे, सुमारे दीडशे गावं, आठवड्यातून दोन दिवस अर्धा-अर्धा तास, एकूण २० कार्यक्रम. गावातली वीसेक माणसं एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवत. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांची. टाटा समाजविज्ञान संस्थेनं पाहणी केली, तेव्हा ज्या गावांत सभा भरत होत्या तिथल्या लोकांच्या माहितीत चांगलीच भर पडलेली दिसली. १९५९ पासून ही योजना देशभर नेली. आपलं वाशिम त्या वेळी अकोला जिल्ह्यात आणि अकोला मध्य प्रदेश राज्यात, म्हणून पहिल्या प्रयोगात आपण नव्हतो. पण "ऐका, बोला, करा" हा धडा आपल्याकडंही पोचला.

शॉर्टवेव्हच्या दुसऱ्या टोकाला एक शेतकरी

आता जी गोष्ट सांगतो ती मला फार आवडली.

१८ ऑक्टोबर १९२४. लंडनच्या मिल हिल शाळेत सेसिल गॉयडर नावाचा एक १८ वर्षांचा पोरगा स्वतः जोडलेल्या यंत्रावर मोर्सची टिकटिक करत बसला होता. त्याला उत्तर आलं थेट न्यूझीलंडहून, पृथ्वीच्या जवळपास दुसऱ्या टोकावरून. इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्यात रेडिओवर झालेलं हे पहिलं दुतर्फा बोलणं. उत्तर देणारा फ्रँक बेल कोण? शास्त्रज्ञ नाही, फौजी अधिकारी नाही. ओटागो भागातल्या शॅग व्हॅलीत मेंढ्यांची मोठी शेती असलेल्या घरातला माणूस. पुढं तो शेतीकडं वळला आणि त्याची बहीण ब्रेंडा हिनं ते रेडिओ केंद्र चालवलं.

आणि तो गॉयडर? तोच १९३६ साली ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला. एवढा मोठा देश, पैसा थोडा, मध्यम लहरींची केंद्रं किती उभारणार? त्यात आपल्याकडं उन्हाळ्या-पावसाळ्यात विजा कडकडल्या, की मध्यम लहरींवर खरखर. म्हणून मोठ्या शहरांभोवती मध्यम लहर आणि बाकी मुलखासाठी शॉर्टवेव्ह असा आराखडा त्यानं राबवला. १९३८ मध्ये मुंबईची शॉर्टवेव्ह सुरू झाली. म्हणजे राजेहो, आपल्या आजोबांच्या खोलीत जी लहर येत होती, तिची पहिली लांब उडी एका शाळकरी पोरानं आणि एका शेतकऱ्याच्या पोरानं मिळून मारली होती.

त्याच शॉर्टवेव्हवर १९४२ च्या चले जाव आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर, जागा बदलत बदलत. शेवटी पोलिसांनी पकडलंच. एरियलची तार कुणाच्या हातात आहे, याला किंमत असते ती अशी.

वायरीत वायर

आता मूळ मुद्द्यावर. ज्या वायरीला आपण डिशची वायर म्हणतो ती कोएक्सियल केबल. मधोमध एक तार, तिच्याभोवती प्लॅस्टिक, त्यावर पत्रा किंवा जाळी, सगळ्यात वर काळं किंवा पांढरं आवरण. १८८० साली ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रजानं हिचं पेटंट घेतलं. गंमत म्हणजे याचंही शिक्षण सोळाव्या वर्षी सुटलेलं. गणित स्वतःच शिकला.

तत्त्व साधं आहे. सिग्नल मधली तार आणि जाळीची आतली बाजू यांच्यामध्ये चालतो. बाहेरचा कचरा जाळीच्या बाहेरच्या अंगावर राहतो, आत शिरत नाही. उघड्या पाटानं पाणी नेलं तर वाटेत काडीकचरा पडणार, पाइपानं नेलं तर नाही. तसंच.

मधलं प्लॅस्टिक बहुतेक वेळा पॉलिथिन असतं. ते १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये एका प्रयोगात अचानक हाती लागलं आणि दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलसाठी कामाला आलं. आज तेच घराणं आपल्या ठिबकच्या नळीत आणि मल्चिंग पेपरमध्ये आहे. केबलच्या नावातलं "आरजी" हेही अमेरिकन फौजेचं जुनं नामकरण.

गावात ही केबल आली १९९० नंतर केबल टीव्हीवाल्यांबरोबर, खांबाखांबावरून, झाडाझाडावरून. २००३-०४ पासून छत्र्या आल्या आणि घरोघरी आरजी-६ चं भेंडोळं पडून राहिलं. ते फेकू नका.

मग कोणती घ्यायची?

मी आधी चूक केली. गावातल्या एका दुकानातून सगळ्यात स्वस्त, बारीक वायर आणली. सोलून पाहिली तर जाळीचे मोजून आठ-दहा केस. टक्टक् जशीच्या तशी. दुसरी चूक, जोड उघडा ठेवला. एका पावसात पाणी आत गेलं आणि जाळी काळी पडली. पुढचे मुद्दे या दोन चुकांतून शिकलेले.

१) ५० ओम की ७५ ओम? फक्त ऐकायचं असेल तर डोकं धरू नका. जोड जुळला नाही तरी नुकसान दशांश-दोन दशांश डेसिबलचं, कानाला कळतही नाही. प्रक्षेपण करणाऱ्या परवानाधारक हॅमला ते पाहावं लागतं, आपल्याला नाही.

२) गळती. पाइप लांबला की प्रेशर पडतं, तसं वायरीतही. १० मेगाहर्ट्झला १०० फुटांत बारीक आरजी-५८ सुमारे दीड डेसिबल खाते, आरजी-६ एक डेसिबलपेक्षा कमी. महागडी जाड आरजी-२१३ घेतली तरी जवळपास आरजी-६ एवढंच. ३ डेसिबल गेले तर शक्ती निम्मी होते, म्हणजे शंभर फुटांसाठी हा फरक किरकोळ. डिशची वायर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झसाठी बनलेली. तिला ३ ते ३० मेगाहर्ट्झची शॉर्टवेव्ह म्हणजे रिकामी बैलगाडी.

३) जाळी दाट पाहिजे. नुसता चकचकीत पत्रा उंच फ्रिक्वेन्सीला चालतो, शॉर्टवेव्हला खाली भरीव जाळी लागते. दुकानात दोन इंच सोलून दाखवायला सांगा. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर साधं कथील धरत नाही, डिशचा पिळायचा कनेक्टरच लावा.

४) मधली तार तांब्याची की तांबं चढवलेल्या लोखंडाची, हे चुंबक लावून कळतं. लोखंडाची असली तरी ऐकण्यापुरती चालते.

५) आवरण काळं घ्या. ठिबकची नळी काळी का असते? उन्हासाठी. तेच कारण. जोडाला टेप, वरून सायकलची ट्यूब आणि जोडाच्या अलीकडं वायरीला खाली झोळ, म्हणजे पाणी तिथंच गळून पडतं. जमिनीतून नेत असाल तर जुन्या पीव्हीसी पाइपातून न्या. उंदीर सोडत नाहीत.

६) नुसती चांगली वायर घेऊन टक्टक् पूर्ण जात नाही. कारण खोलीतला कचरा जाळीच्या बाहेरून चालत एरियलपर्यंत जातो आणि तिथून आत शिरतो. म्हणून झाडापाशी फेराइटच्या गाभ्यावर छोटा ट्रान्सफॉर्मर केला. एरियलकडं ९ वेढे, केबलकडं ३, दोन्ही वेढे एकमेकांपासून वेगळे. एरियलच्या वेढ्याचं दुसरं टोक झाडापाशीच ठोकलेल्या अर्थिंगच्या सळईला. खोलीच्या टोकाला केबल फेराइटच्या कड्यातून सात-आठ वेळा फिरवली. रेडिओला सॉकेट नव्हतं, म्हणून मधली तार चिमट्यानं दांडीला आणि जाळी बॅटरीच्या ऋण टोकाला. एरियल म्हणजे ४० फूट साधी तांब्याची तार.

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. ११ केव्हीच्या किंवा कोणत्याही विजेच्या तारेखाली, वर, जवळ एरियल टाकू नका. तार तुटून पडली तर माणूस जातो. आणि ढग दाटले, की केबल रेडिओपासून काढून खोलीबाहेर टाका. आपल्याकडं विजेनं दरवर्षी माणसं आणि जनावरं जातात. रेडिओच्या नादात त्यात भर नको.

आता कोणी विचारेल, मोबाइलवर सगळं येतं, मग हा खटाटोप कशाला? बरोबर आहे. बाजारभाव, हवामान मीही मोबाइलवरच पाहतो. शॉर्टवेव्हही ओस पडत चालली आहे, बीबीसी हिंदीनं ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्ह सोडली. पण वादळात टॉवर बंद पडतो तेव्हा चार सेलवर चालणारा रेडिओ चालूच असतो. आणि हीच एरियल मध्यम लहरींवरही कामाला येते.

तार बांधली त्या रात्री बाबांनी काटा हळूहळू फिरवला. टक्टक् पार गेली नाही, पण दूर कुठंतरी गेली, शेजारच्या वावरात कुणी खुंटी ठोकावी तशी. मध्येच कोणत्या तरी परक्या भाषेतलं गाणं लागलं. बाबांना एक शब्द कळत नव्हता. मी काटा हलवायला गेलो तर हात धरला. म्हणाले, "राहू दे. लांबून येते ते."