देहाला पाडलेली खिडकी

कर्करोगाच्या गाठीचे ज्ञान मानवाला दीर्घकाळ मृत ऊतींपासूनच मिळत आले. गाठ कापून काढावी, तिचा पातळ छेद घेऊन रंगवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा, ही विकृतिशास्त्राची रीत. तिने विपुल ज्ञान पदरात टाकले, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि गाठ कशी आहे एवढेच छेद सांगतो. ती कशी वाढत गेली, हे त्यास सांगता येत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग सशाच्या कानातून निघाला. १९२४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सँडिसन यांनी सशाच्या कानात एक पारदर्शक कक्ष बसविला. त्यात वाढणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या जिवंत प्राण्यातच, दिवसामागून दिवस, पाहता येऊ लागल्या. १९३९ साली आइड, बेकर व वॉरन यांनी अशाच कक्षात सशाच्या अर्बुदाचे रोपण करून त्याच्या भोवती रक्तवाहिन्यांचे जाळे कसे वाढते, याचे निरीक्षण केले.

पुढे १९४३ साली बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ग्लेन अल्जायर यांनी हीच युक्ती उंदरासाठी योजिली. पाठीवरील सैल त्वचेची घडी उचलून तीत त्यांनी कक्ष बसविला. १९४५ साली त्यांनी व चॉकली यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. अर्बुदपेशीचे खरे बळ केवळ स्वतः वाढण्यात नाही. आश्रयदात्या देहाच्या केशवाहिन्यांना सतत नवे अंकुर फोडावयास लावण्यात ते आहे, असे त्यांनी म्हटले. जखम भरली की असे अंकुर फुटणे थांबते. अर्बुदापाशी ते थांबत नाही.

एवढे दिसल्यावर उपचाराची दिशाही दिसावयास हवी होती. परंतु रक्तवाहिन्यांची ही वाढ रोखून अर्बुदास आवर घालावा, हा विचार ज्यूडा फोकमन यांनी ठामपणे मांडला तो १९७१ साली, म्हणजे पाव शतकानंतर. आणि त्यांच्याही वाट्यास प्रथम अविश्वासच आला. २००४ साली अमेरिकेत बेव्हासिझुमॅब या औषधास मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर मान्यता मिळाली. त्याने रोग नाहीसा झाला नाही. रुग्णांचे आयुष्य काही महिन्यांनी वाढले. डोळ्यांना दिसणे आणि बुद्धीला पटणे यांत केवढे अंतर असते, हे या इतिहासावरून आम्हांस उमगते.

दरम्यान खिडकीवाचूनही पाहण्याचे साधन हाती आले. १९६२ साली ओसामु शिमोमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जेलीफिशमधून एक हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले होते. ते तयार करणारे जनुक १९९७ पर्यंत अर्बुदपेशींत घालण्यात आले, आणि उंदराच्या देहात दूर पसरलेल्या पेशीही त्या प्रकाशाने ओळखता येऊ लागल्या.

मूक प्राण्याच्या देहात रोग पेरून तो वाढताना पाहावा, ही गोष्ट आमच्या मनास सहज मानवत नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालच्या आपल्या ग्रंथात पर्याय शोधा, प्राण्यांची संख्या घटवा, यातना कमी करा, असा त्रिविध आग्रह धरला. एकच उंदीर पुन्हा पुन्हा पाहता आला, तर प्रत्येक टप्प्यावर निराळा उंदीर मारावा लागत नाही. या अर्थाने पाहण्याच्या नव्या रीती त्या आग्रहाच्या बाजूच्या आहेत. तरीही ऋण उरतेच. रुग्णाला मिळालेल्या प्रत्येक अधिक महिन्याचा हिशेब मांडताना त्या सशाचे व त्या उंदराचे नाव आम्ही गाळू नये, एवढेच म्हणावयाचे आहे.