वनशिबिर (नागपूर परिसर)

वनशिबिर : सरकारी वनात किंवा वनालगतच्या मोकळ्या सार्वजनिक जमिनीवर परवानगी घेऊन केलेला मुक्काम, आणि त्याच्या जोडीने येणारी पायी भटकंती, पक्षिनिरीक्षण, मचाणावरची रात्र, आकाशदर्शन, नौकाविहार. अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटी राज्यांत ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या सरकारी संस्थेच्या ताब्यातल्या बऱ्याचशा जमिनीवर कोणीही तंबू ठोकून साधारण १४ दिवसांपर्यंत विनामूल्य राहू शकतो. नागपूरकराला अशी मुभा नाही, आणि तिच्या नसण्याला कारण आहे. विदर्भात नुसती मोकळी दिसणारी जमीन क्वचितच रिकामी असते. तिथे गावाची गुरे चरतात, मोहफुले आणि तेंदूपाने गोळा होतात, आणि वाघ एका वनातून दुसऱ्या वनात जाण्यासाठी तीच वाट धरतो. त्यामुळे इथल्या शिबिरार्थीला पाहुण्यासारखे, विचारून यावे लागते.

सार्वजनिक जमिनीचे इथले प्रकार अनेक आहेत : राखीव वन, संरक्षित वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, वन विकास महामंडळाकडील वन. पण वाळवंटी माळरानाशी ज्याचे खरे नाते जुळते ते झुडपी जंगल. मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात मुरमाड, खडकाळ, शेतीला न येणाऱ्या आणि झुडपे उगवलेल्या हलक्या जमिनीची नोंद या नावाने होत असे. गुरे चारणे, सरपण आणणे असा गावाचा निस्तार तिथे चाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूरकडचा मुलूख मुंबई राज्यात आला, तरी सातबाऱ्यावरची ही नोंद तशीच राहिली. ही जमीन वन मानायची की महसुली, हा वाद पुढे अनेक दशके रेंगाळला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या सुमारे ८६ हजार हेक्टरांचा हा प्रश्न होता. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानावे असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेली वाटपे नियमित करण्याचा मार्ग मात्र त्याने मोकळा ठेवला.

झुडपी जंगलाकडे पडीक जमीन म्हणून पाहण्याची सवय चुकीची आहे. हिवाळ्यात सकाळी लवकर अशा माळावर गेले की बोर, भराटी, तरोटा आणि खुरट्या पळसाच्या मधून चंडोल उठतात. धाविक थोडे पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. ससा पायाजवळून सुटतो, आणि नशीब असेल तर खोकड बिळाच्या तोंडाशी उन्हात बसलेले दिसते. पायमोज्यांत घुसलेली कुसळे काढायला घरी गेल्यावर अर्धा तास लागतो. शहरातल्या माणसाला महागडी जिप्सी न ठरवता जवळ पोहोचता येईल असे हेच सार्वजनिक रान आहे. चराईचे हक्क सांभाळून त्यातल्या काही पट्ट्यांवर दिवसाच्या पायवाटा आखणे वनविभागाला अवघड नाही.

या भागातल्या तंबूचा इतिहास सरकारी आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर राजधानी झाले. तेव्हापासून जिल्ह्याचे आणि वनखात्याचे अधिकारी थंडीचे महिने दौऱ्यावर काढत. बैलगाड्यांतून तंबू पुढे जात, साहेब मागून घोड्यावर येई, आणि सामान वाहायला गावकऱ्यांना वेठीला धरले जाई. या मुक्कामी जीवनाचे सविस्तर चित्र रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याने नागपूरच्या उत्तरेकडील सिवनी जिल्ह्यावर लिहिलेल्या, १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहे. त्याच्या नावातच सातपुड्यातील छावणीजीवन हे शब्द आहेत. किपलिंगने ‘जंगल बुक’साठी (१८९४) सिवनीचा परिसर याच पुस्तकातून घेतला. पुढे सरकारी वनांचे शिकारीसाठी ब्लॉक पाडून परवाने दिले जात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आल्यावर शिकारीच्या छावण्या बंद झाल्या, विश्रामगृहे उरली. मराठी वाचकाला शिकारीविना वनात राहण्याची गोडी लावण्याचे मोठे श्रेय व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ला आणि वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाला जाते. चितमपल्लींच्या नोकरीचा मोठा काळ विदर्भाच्या वनांत गेला, आणि त्या मुक्कामातूनच ‘नवेगावबांधचे दिवस’ आले.

आज शिबिराची चौकट दोन कायदे ठरवतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि विस्तव करणे हे गुन्हे आहेत. १९७२ च्या अधिनियमातील कलम २७ अभयारण्यातील प्रवेश मर्यादित करते, तेथे कचरा टाकण्यास आणि प्राण्यांना डिवचण्यास मनाई करते. कलम २८ नुसार पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास यांसाठी परवाना मिळतो. कलम ३० आगीबद्दल आहे, कलम ३१ शस्त्राबद्दल. व्यवहारात याचा अर्थ असा की तंबू लावायचा तो वनविभागाने नेमून दिलेल्या संकुलाच्या कुंपणात, आणि पायी फिरायचे ते वनरक्षक किंवा स्थानिक गाईड बरोबर असेल तेव्हाच.

नागपूरहून सर्वाधिक जाणे होते ते पेंचला. पेंच नदीच्या दोन्ही अंगांचे २५७ चौरस किलोमीटरचे हे वन १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९९ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. त्याला लागून २०१० मध्ये मानसिंगदेव अभयारण्य घोषित झाले. सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली, कोलितमारा ही पेंचची परिचित प्रवेशद्वारे. सिल्लारीला मुक्कामाची सोय आहे, कोलितमाऱ्याला नौकाविहार. जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ने पेंचला भारतातले पहिले आणि आशियातले पाचवे ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून प्रकाश फक्त खाली पडेल असे बसवले गेले, आणि वाघोडा तलावाजवळ दुर्बिणीसह आकाशदर्शनाची सोय झाली. वाघ दिसण्याची हमी कोणालाच देता येत नाही, पण निरभ्र, चांदण्याविना रात्र असेल तर इथे आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. नागपूरच्या मुलांना तो आपल्या गच्चीवरून कधीच दिसत नाही. शाळांनी सहल न्यायची तर ती इथे न्यावी.

बुद्धपौर्णिमेची मचाणावरची रात्र हा विदर्भातल्या वनमुक्कामाचा सर्वांत जिवाभावाचा प्रकार. वैशाखात बहुतेक ओढे आटतात आणि जनावरांना मोजक्या पाणवठ्यांवर यावेच लागते, त्यात पौर्णिमेचा उजेड, म्हणून पूर्वी वन्यप्राण्यांची गणना या रात्री होई. वाघांच्या मोजणीसाठी २००६ पासून देशभर कॅमेरा ट्रॅप आणि नमुना पाहणीची पद्धत आली, त्यामुळे या रात्रीला शास्त्रीय वजन फारसे उरले नाही. वनविभाग ती आता ‘निसर्गानुभव’ म्हणून घेतो. संध्याकाळच्या आत मचाणावर चढायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरायचे. बरोबर वनकर्मचारी, पाणी, कोरडी शिदोरी आणि नोंदीचा कागद : वेळ, प्राणी, नर-मादी-पिल्लू, कोणत्या दिशेने आला. बॅटरी लावायची नाही, अत्तर लावून यायचे नाही. दिवसभर तापलेला दगड रात्री दहापर्यंत धग सोडत राहतो. चितळांचा कळप पाण्याशी येतो तेव्हा सगळी एकदम माना खाली घालत नाहीत, एखादी मादी कान वळवत उभीच राहते. अस्वल पाणी पिताना आधी ऐकू येते, मग दिसते. रातव्याची एकसुरी टकटक मध्यरात्रीनंतरही थांबत नाही. पहाटे हाती राहतो तो बहुधा रानडुक्कर, सांबर आणि मोरांच्या नोंदींनी भरलेला कागद. जंगल कोणाच्या जिवावर चालते हे त्या कागदातून सफारीपेक्षा नीट कळते.

इतर ठिकाणे : ताडोबा (१९५५ मध्ये घोषित, राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान), बोर (२०१४ पासून व्याघ्रप्रकल्प, क्षेत्रफळाने अतिशय लहान), उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य (२०१२), नवेगाव-नागझिरा (२०१३). शहराच्या कुशीत गोरेवाडा आणि अंबाझरी. रामटेकजवळ खिंडसी तलावावर नौकाविहार चालतो.

ऋतू निवडताना नागपूरचे हवामान कोणाला सवलत देत नाही. मे २०१३ मध्ये शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांपर्यंत उतरला. तंबूसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, कापडी तंबू दुपारी राहण्याजोगा नसतो, आणि ऊन लागून माणूस दगावू शकतो. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, व्याघ्रप्रकल्पांचे गाभाक्षेत्र पर्यटनासाठी बंद असते.

भीती वाघाची वाटते, पण मुक्कामाचा खरा धोका जमिनीलगत असतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, म्हणून लक्षात येईपर्यंत उशीर होतो. पापण्या जड होणे, गिळता न येणे, पोटात दुखणे ही लक्षणे दिसली की वेळ न घालवता प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. गावात उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपायची रीत आहे. ती बाज आणि गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हे आजही उत्तम संरक्षण आहे. तंबू असेल तर तळ शिवलेला हवा आणि चेन कायम बंद हवी. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले. झुडपांत आणि गवतात राहणाऱ्या बारीक माइटच्या अळ्या चावल्याने हा ताप येतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, गवतावर तसेच आडवे होऊ नये. परतल्यावर ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

विस्तवाचा मोह विदर्भात मोठा. कार्तिकात आवळीभोजनाला झाडाखाली पंगत बसते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी याशिवाय बाहेरचे जेवण पुरे वाटत नाही, आणि थंडीत शेतावर हुरडा असतोच. हे सगळे शेतात, मालकाच्या परवानगीने करावे. वनात शेकोटी नको. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. सागाचा वाळका पाचोळा घोटाभर साचलेला असतो आणि एक ठिणगी कित्येक हेक्टर जाळते. हंगामाआधी वनमजूर मैलोन्‌मैल जाळरेषा साफ करून ठेवतात, आणि आग लागली की ओल्या फांद्यांनी झोडपून तीच माणसे ती विझवतात. संकुलात चूल मांडायची जागा असेल तर तिथेच मांडावी, राख पाण्याने कालवून हाताला थंड लागेपर्यंत विझवावी, आणि उरलेले अन्न रानात न टाकता परत आणावे. प्लास्टिकसकट ते खाणाऱ्या चितळांचे आणि माकडांचे हाल वनरक्षकांना पाहावे लागतात.