केसपेपरवरचा 'ए'

फाइली आवरताना एक जुना केसपेपर सापडला. पुणे, ऑगस्ट २००९. कोपऱ्यात गोल केलेलं एकच अक्षर, 'ए'.

स्वाइन फ्लूचे दिवस आठवतात ना? ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि साधी शिंक आली तरी लोक तपासणीला धावू लागले. आम्हीही गेलो, गणपतीच्या आठवड्यात. भाचा नऊ वर्षांचा, थोडा ताप, नाक वाहतंय. ताईने बजावलेलं, "टेस्ट केल्याशिवाय परत येऊ नकोस."

तीन तास रांगेत काढले. डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन मिनिटं तपासलं, 'ए' लिहिलं आणि म्हणाल्या, "घरीच ठेवा, कोणात मिसळू देऊ नका, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा." टेस्ट नाही, टॅमिफ्लू नाही. मी चक्क भांडलो. कारण मागच्या गरोदर बाईंना टेस्ट न करताच गोळ्या मिळाल्या, आणि धाप लागलेल्या एका आजोबांना तर रांगेतून उचलून थेट आत नेलं. मला वाटलं, ओळख असणार! (हसू नका.)

नंतर कळलं की केंद्र सरकारने त्याच महिन्यात रुग्णांचे तीन गट केले होते. 'ए' म्हणजे सौम्य. 'बी'मध्ये जास्त ताप असलेले, शिवाय लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं, दम्याचे रुग्ण. त्यांना औषध, पण घरीच. 'सी' म्हणजे धाप, छातीत दुखणं, गुंगी, निळी पडलेली नखं; त्यांनाच टेस्ट आणि लगेच भरती. सगळ्यांचे घशाचे नमुने घेत बसलो तर खाटा आणि प्रयोगशाळा दोन्ही अडतात, आणि धडधाकट पोर मात्र रांगेत उभं राहून आजार घेऊन घरी येतं. शेवटचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आमची आजी १९१८च्या साथीला 'मानमोडी' म्हणायची. त्या जूनमध्ये मुंबईत आधी सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात आले. पावसाळ्यानंतर दुसरी लाट आली, आणि ६ ऑक्टोबरला शहरात एका दिवसात ७६८ माणसं गेली. न्यूमोनियावर अँटिबायोटिक नव्हतं, बरेच डॉक्टर लढाईवर गेलेले. उपचार म्हणजे अंथरूण, मोकळी हवा, पाणी, पेज आणि हे सगळं देणारं कोणीतरी. ते कोणाकडे होतं, ते आकड्यांत दिसतं. मुंबईतल्या युरोपियनांत मृत्यू हजारी ८, आणि सरकारी नोंदीत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलेल्यांत हजारी ६१. त्यातले बहुतेक चाळीच्या खोलीतच गेले असणार. त्यांची नखं बघायला कोण येणार होतं?

असो. भाचा तिसऱ्या दिवशी मोदक मागत होता. आता नोकरीला लागलाय, त्याला यातलं काही आठवत नाही. मला ते आजोबा आठवतात. त्यांना आत नेलं तेव्हा मी घड्याळात बघत होतो, की आमचा नंबर आता किती लांबणार.