मोटारसायकल-शर्यतीतील वळणतंत्र
मोटारसायकल-शर्यतीत वेग फारसा कमी न करता वळण पार करण्यासाठी चालक वाहनासह वळणाच्या आतील बाजूस झुकतो, शरीर बैठकीवरून आत सरकवितो आणि आतील पायाचा गुडघा बाहेर काढून तो जमिनीला हलकेच टेकवितो. या पद्धतीस सामान्यतः गुडघाटेक पद्धत म्हणता येईल. पाहणाऱ्यास ती केवळ धाडसाची कसरत वाटते. तथापि तिच्यामागे यामिकीचे निश्चित नियम, टायर व सांगाडा यांच्या रचनेतील सुधारणा आणि शर्यतपथांच्या सुरक्षिततेसाठी झालेला दीर्घ झगडा यांचा इतिहास आहे. ही पद्धत १९७० ते १९८० या दशकात रूढ झाली व पुढे जगातील सर्व पक्क्या रस्त्यावरील शर्यतींत सर्वमान्य ठरली. [→ मोटारसायकल].

तात्त्विक आधार : वळणावरील दुचाकी सरळ उभी राहू शकत नाही. वळताना तिच्यावर बाहेरच्या दिशेने जाणवणारी केंद्रोत्सारी प्रेरणा आणि खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण यांची फलित प्रेरणा टायर व जमीन यांच्या स्पर्शस्थानातून जाईल, इतके वाहन आत झुकवावे लागते. या झुकावाच्या कोनाची स्पर्शज्या (टॅन) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते व वळणाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. उदा., सु. ९२ मी. त्रिज्येचे वळण ताशी १०८ किमी. वेगाने घ्यावयाचे असल्यास झुकाव जवळजवळ ४५° येतो. वेग केवळ एक-दशांशाने वाढला, तरी टायरने पुरवावयाची आडवी प्रेरणा २१ टक्क्यांनी वाढते. वळणावर थोडासा अधिक वेगही घातक का ठरतो, हे यावरून लक्षात येईल. ४५° झुकावासाठी घर्षण गुणांक निदान १ असावा लागतो. कोरड्या डांबरी पथावर शर्यतीचे तापलेले मऊ टायर याहून बरेच अधिक घर्षण देऊ शकतात. ओल्या, धुळीच्या वा तेलकट पृष्ठावर मात्र ते झपाट्याने घटते.

वरील हिशेब टायर पात्याइतके पातळ आहे असे मानून केलेला असतो. प्रत्यक्षात टायरला रुंदी असते आणि वाहन झुकताच जमिनीशी असलेला स्पर्श टायरच्या मध्यावरून आतील कडेकडे सरकतो. त्यामुळे रुंद टायर असलेल्या वाहनास हिशेबाने येणाऱ्या कोनापेक्षा अधिक झुकावे लागते. चालकाने आपले शरीर आत सरकविल्यास याच्या उलट परिणाम होतो. वाहन १३० किग्रॅ. व चालक ७० किग्रॅ. वजनाचा असून चालकाने आपला गुरुत्वमध्य १५ सेंमी. आत नेला, तर दोहोंचा मिळून गुरुत्वमध्य सु. ५ सेंमी. आत सरकतो. तो जमिनीपासून ६० सेंमी. उंचीवर असल्यास त्याच वेगाने तेच वळण घेताना वाहन सु. ५° कमी झुकवावे लागते. हे पाच अंश थोडे दिसले, तरी त्यांचे मोल मोठे आहे. पाय टेकण्याचा दांडा व धूरनळी जमिनीला घासत नाही, निलंबन योजना रस्त्याचे खाचखळगे अधिक चांगल्या तऱ्हेने शोषते आणि वळणातून बाहेर पडताना एंजिनाची शक्ती लवकर वापरता येते.

टायरची पकड ही मर्यादित पुंजी असून तिचा काही भाग वळण्यासाठी व उरलेला वेग कमी-जास्त करण्यासाठी खर्च होतो. या दोन प्रेरणा परस्परांना काटकोनात असल्याने त्यांची बेरीज साधी नसते. वळण्यासाठी पकडीचा ८० टक्के भाग वापरला, तरी ब्रेकसाठी ६० टक्के उपलब्ध असतो. परंतु वळण्यासाठी ९५ टक्के खर्ची पडल्यास जेमतेम ३१ टक्के उरतो. म्हणूनच पूर्ण झुकलेल्या स्थितीत घाबरून ब्रेक दाबणे हे पडण्याचे एक प्रमुख कारण आहे.

वाहन झुकविण्यासाठी प्रथम हँडल क्षणभर विरुद्ध दिशेस वळवावे लागते. उजवीकडे वळताना हँडलाची उजवी बाजू पुढे ढकलली जाते, पुढचे चाक किंचित डावीकडे जाते व वाहन उजवीकडे कलते. स्कॉटिश अभियंते विल्यम जॉन मॅक्‌क्वॉर्न रँकिन (१८२०–७२) यांनी तत्कालीन पायदांड्यांच्या दुचाकीच्या संदर्भात ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच मांडली होती. बहुतेक सायकलस्वार ही क्रिया नकळत करतात. शर्यतीतील चालकास मात्र ती जाणीवपूर्वक करावी लागते.

प्रारंभीचा काळ : मोटारसायकल-शर्यती विसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपात सुरू झाल्या. आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध टूरिस्ट ट्रॉफी शर्यत १९०७ मध्ये सुरू झाली आणि १९११ पासून ती बेटावरील सु. ६० किमी. लांबीच्या डोंगरी मार्गावर होऊ लागली. हा मार्ग म्हणजे नेहमीच्या वाहतुकीचा रस्ता असून त्याच्या दुतर्फा दगडी भिंती, घरे व खांब आहेत. अशा मार्गावर अंग बाहेर काढणे धोक्याचेच होते. शिवाय टायर अरुंद व कठीण, सांगाडे लवचिक आणि निलंबन सदोष असल्यामुळे चालकाची थोडीशी हालचालही वाहनास डळमळीत करी. त्यामुळे गुडघे इंधनटाकीला घट्ट चिकटवून, शरीर वाहनाच्या मध्यरेषेत ठेवून वळण घेणे हीच उत्तम शैली मानली जात असे.

या शैलीचे सर्वांत नेमके दर्शन इंग्लंडचे जेफ ड्यूक (१९२३–२०१५) यांच्या चालविण्यात घडे. १९५० मध्ये नॉर्टन कंपनीने नव्या दुहेरी नळ्यांचा ‘फेदरबेड’ सांगाडा शर्यतीत आणला. त्याचे स्थैर्य व ड्यूक यांचा निश्चल, ओघवता पवित्रा यांचा उत्तम मेळ बसला. हवेचा रोध कमी व्हावा म्हणून त्यांनी अंगाला घट्ट बसणारा एकसंध कातडी पोशाख वापरात आणला. पुढे सर्वच स्पर्धकांनी तो स्वीकारला. माइक हेलवुड (१९४०–८१) यांच्या काळात काही चालक आतील गुडघा टाकीपासून थोडा दूर नेऊ लागले. परंतु शरीर बैठकीवरच राही व गुडघा जमिनीपर्यंत पोहोचत नसे.

स्थित्यंतर : १९७० च्या सुमारास तीन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडून आल्या. जपानी द्विधाव एंजिनांची शक्ती झपाट्याने वाढली. मऊ व रुंद टायर आणि दशकाच्या मध्यास खाचा नसलेले ‘स्लिक’ टायर आले. तसेच शर्यती सार्वजनिक रस्त्यांकडून बंदिस्त पथांकडे वळू लागल्या. वाढलेली शक्ती लवकर वापरता यावी, यासाठी वाहन शक्य तितके उभे ठेवणे व तरीही वेगाने वळणे हा नवा प्रश्न चालकांपुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर प्रथम प्रभावीपणे देणाऱ्यांत फिनलंडचे यार्नो सारिनेन (१९४५–७३) यांची गणना होते. यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले सारिनेन बर्फावरील शर्यतींत तयार झाले होते. चाके घसरत असतानाही वाहन ताब्यात ठेवण्याची सवय त्यांना तेथे लागली. पक्क्या पथावर ते बैठकीवरून आत सरकून, गुडघा बाहेर काढून वळण घेत. १९७२ मध्ये त्यांनी यामाहा वाहनावर २५० घ. सेंमी. वर्गाचे जागतिक विजेतेपद मिळविले आणि १९७३ मध्ये अमेरिकेतील डेटोना येथील २०० मैलांची शर्यत जिंकली. त्याच वर्षी २० मे रोजी इटलीतील मोंझा पथावर पहिल्याच फेरीतील वेगवान वळणावर रेंझो पाझोलिनी यांचे वाहन घसरले व पाठोपाठ येणारे सारिनेन त्यावर आदळले. मागील अनेक स्पर्धक एकमेकांवर कोसळले. पाझोलिनी व सारिनेन दोघेही मृत्यू पावले. वळणाच्या कडेला चालकाला सुरक्षितपणे घसरत जाण्यास जागा नव्हती. होते ते लोखंडी कठडे. चालकाचे कौशल्य कितीही असले, तरी पथाने त्याला चुकण्यास वाव दिला नाही तर ते व्यर्थ ठरते, हे या अपघाताने कठोरपणे दाखवून दिले.

सारिनेन यांची शैली अमेरिकेत पाहून प्रभावित झालेल्यांपैकी कॅलिफोर्नियाचे केनी रॉबर्ट्‌स (१९५१– ) हे होत. मातीच्या लंबवर्तुळाकार पथांवरील शर्यतींत त्यांना मागचे चाक घसरवीत वळण्याची सवय होती. त्या अनुभवाला त्यांनी शरीर आत लटकविण्याची जोड दिली आणि गुडघा प्रत्यक्ष जमिनीवर टेकवून पद्धतीला पूर्ण रूप दिले. कातडी पोशाख झिजू नये म्हणून ते व त्यांचे समकालीन गुडघ्यावर चिकटपट्टीचे थर गुंडाळीत. यातूनच पुढे बदलता येण्याजोग्या प्लॅस्टिकच्या घर्षणपट्ट्या प्रचारात आल्या. रॉबर्ट्‌स यांनी १९७८, १९७९ व १९८० अशी सलग तीन वर्षे ५०० घ. सेंमी. वर्गाचे जागतिक विजेतेपद मिळविले. या वर्गात ते मिळविणारे ते पहिले अमेरिकन होत. या यशानंतर जुनी शैली शर्यतींतून झपाट्याने मागे पडली.

सुरक्षिततेचा प्रश्न : नव्या तंत्रात चालक पकडीच्या सीमेवर अधिक काळ राहू लागला. त्यामुळे पथाचा पृष्ठभाग व त्याच्या कडेची मोकळी जागा यांना जीवनमरणाचे महत्त्व आले. १९७२ मध्ये आइल ऑफ मॅन येथे जिल्बेर्तो पार्लोत्ती यांचा मृत्यू झाल्यानंतर जाकोमो आगोस्तीनी यांच्यासारख्या अग्रगण्य स्पर्धकाने तेथे पुन्हा भाग न घेण्याचे ठरविले आणि १९७६ नंतर ती शर्यत जागतिक स्पर्धामालिकेतून वगळण्यात आली. १९७९ मध्ये बेल्जियममधील स्पा येथील नव्याने डांबरीकरण केलेला पथ अतिशय निसरडा असल्याच्या कारणावरून रॉबर्ट्‌स व इतर प्रमुख स्पर्धकांनी शर्यतीवर बहिष्कार टाकला. त्याच वर्षाच्या अखेरीस स्पर्धकांनी स्वतंत्र जागतिक मालिका स्थापण्याची घोषणा केली. ती मालिका प्रत्यक्षात आली नाही. पण आंतरराष्ट्रीय महासंघास पथांची सुरक्षितता व स्पर्धकांचे मानधन यांचा विचार करणे भाग पडले. पुढील काळात वळणांबाहेर मोकळ्या जागा व वाळूचे पट्टे आले आणि २०१८ पासून जागतिक मालिकेच्या सर्व वर्गांत हवापिशवीयुक्त पोशाख सक्तीचा झाला. गुडघाटेक पद्धतीचा पुढील विकास या सुधारणांशिवाय इतक्या कमी किमतीत झाला नसता.

शिक्षण व सराव : रॉबर्ट्‌स यांच्या पिढीने ही पद्धत निरीक्षणाने व पडून-उठून आत्मसात केली. तिचे पद्धतशीर शिक्षण देण्याचे प्रयत्न १९८० च्या सुमारास सुरू झाले. अमेरिकेतील कीथ कोड यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल ही शाळा काढली. तेथे पुढे बाजूस आधाराची चाके लावलेली मोटारसायकल वापरण्यात येऊ लागली, त्यामुळे पडण्याच्या भीतीवाचून शरीराची ठेवण शिकणे शक्य झाले.

शिक्षणाचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. प्रथम वळणात शिरण्यापूर्वीच गती व गिअर निश्चित करणे, नजर चाकासमोर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे नेणे आणि हँडल हलक्या हाताने धरणे या सवयी लावल्या जातात. त्यानंतर उभ्या वाहनावर शरीराची ठेवण शिकवितात : अर्धी बैठक मोकळी करून आत सरकावयाचे, आतील पायाचा चवडा दांड्यावर ठेवावयाचा, बाहेरील मांडी टाकीला घट्ट भिडवून शरीराचा भार तिच्यावर व पायांवर घ्यावयाचा आणि खांदे व मस्तक आत झुकवावयाचे. ही तयारी वळणात शिरण्याआधी पूर्ण व्हावी लागते; झुकलेल्या वाहनावर केलेली धांदल त्याचा तोल बिघडविते. यानंतरच मोठ्या त्रिज्येच्या एकाच वळणावर, वेग अल्पशा प्रमाणात वाढवीत सराव केला जातो.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे गुडघा टेकविणे हेच साध्य समजणे. तो गुडघा जमिनीकडे ताणतो, त्यामुळे कंबर फिरते, वरचे शरीर उलट बाहेर राहते व तोल सांभाळण्यासाठी हँडल ओढले जाते. वस्तुतः गुडघा हा टेकू नसून मापक आहे. शरीराची ठेवण दर वेळी सारखी असल्यास गुडघा ठराविक झुकावालाच जमिनीस लागतो व आणखी किती झुकता येईल याचा अंदाज चालकास येतो. पुढचे चाक घसरल्यास निष्णात चालक क्वचित गुडघ्याच्या दाबाने वाहन सावरतो. परंतु त्यावर विसंबून वेग ठरविता येत नाही.

अलीकडील विकास : त्रिज्यीय टायर, ताठ ॲल्युमिनियम सांगाडे आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यांमुळे झुकाव वाढत गेला. स्पेनचे मार्क मार्केझ (१९९३– ) यांच्या पिढीत तो ६०° च्या पलीकडे गेला असून गुडघ्याबरोबर कोपरही जमिनीस लागू लागले आहे.

भारतात मद्रासजवळील शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर मोटारसायकल-शर्यती होत असत. बंदिस्त पथांची सोय श्रीपेरुंबुदूरजवळील इरुंगट्टुकोट्टई (१९९०), कोईमतूर (२००३) आणि ग्रेटर नोएडा (२०११) येथे झाली. यांपैकी ग्रेटर नोएडा येथे सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक मालिकेतील शर्यत प्रथमच भारतात भरली. महाराष्ट्रातील घाटरस्त्यांवर तरुण चालक या पद्धतीचे अनुकरण करताना दिसतात. तथापि शर्यतपथावर जे गृहीत धरलेले असते, त्यातील काहीच तेथे नसते. वळणापलीकडचे दिसत नाही, पावसाने वाहून आलेला मुरूम व सांडलेले तेल पकड हिरावून घेते, समोरून वाहने येतात आणि कडेला दरी अथवा कठडा असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वेगाची स्पर्धा करणे हा अपराधही आहे. ज्या तंत्राच्या वाटेत अनेक निष्णात चालकांचे प्राण गेले, त्या तंत्राचा पहिला धडा पकडीचा काही भाग नेहमी शिल्लक ठेवणे हाच आहे. सार्वजनिक रस्त्यावर तो शेवटचाही धडा समजला पाहिजे.